आप्पांचा चुंबकपट्टा

"ताई, मान जरा खाली. आणखी थोडी. केस दिसू देत, चेहरा नको," फोटोग्राफर म्हणाला.

मी मान खाली घातली. चेहरा नको म्हटल्यावर मला हायसंच वाटलं. सात महिने खोटं बोलत असलेल्या माणसाचा चेहरा फोटोत कसा दिसतो कोण जाणे.

माझ्या डोक्याभोवती मरून मखमलीचा एक पट्टा होता. त्याला बारा कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्यात एक चुंबक आहे, असं माझे वडील पाहुण्यांना समजावून सांगत होते. पाहुणे म्हणजे खानोलकर, पुण्याच्या एका कंपनीचे साहेब. आणि माझे वडील म्हणजे धनपाल मगदूम, आमचे आप्पा. जयसिंगपुरात त्यांचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. लग्नाला, सभेला, जैन बस्तीतल्या पूजेला ते स्पीकर भाड्यानं द्यायचे आणि पंचक्रोशीतले मुके झालेले स्पीकर बोलते करून द्यायचे. फोटो त्या दुकानातच चालला होता. १९९३ चा मे महिना, रविवारची सकाळ.

"पण बाराच का?" खानोलकरांनी विचारलं.

"डोक्याचा घेर बावीस इंच. दोन इंचाला एक धरला तर अकरा. एक जादा बसवला, कुठं कमी पडाय नको म्हणून."

"आणि उत्तर ध्रुव आतल्या बाजूला?"

"आतच. प्रत्येकाला पांढरा ठिपका दिलाय बघा. रक्तात लोह असतंय का न्हाई? चुंबक त्याला वर वडतोय. रक्त वर आलं की मुळाला खाद्य मिळतंय. सोपं हाय."

रक्तातलं लोह असं ओढलं जात नाही हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आप्पांना मात्र चुंबकाचं सगळंच सोपं वाटायचं. तीस वर्षं त्यांनी स्पीकर उघडले होते. आत चुंबक मेला की स्पीकर मुका, चुंबक जिवंत असला की अख्खं गाव दणाणून जाणार. अशा माणसानं लेकीच्या डोक्याला चुंबक लावून बघितला नसता तरच नवल.

आदल्या वर्षी श्रावणात माझ्या डोक्याला चाई पडली होती. आधी कानामागे एक चट्टा, मग मागच्या बाजूला दुसरा, मग भांगाशेजारी तिसरा. मी तेवीस वर्षांची होते, टायपिंग क्लासमध्ये शिकवत होते आणि घरात माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू होतं. आई देवापुढे बसून रडायची आणि उठून कांद्याचा रस काढायची. मिरजेच्या डॉक्टरांनी एक मलम दिलं आणि म्हणाले, "कधी कधी आपोआप येतात, कधी वेळ लागतो. धीर धरा." धीर धरा हे काही आप्पांना औषध वाटलं नाही. (त्यानंतर आजवर दोनदा माझे केस असेच गेले आणि दोनदा परत आले. डॉक्टर बरोबर होते.)

आप्पांनी आधी माझ्या चट्ट्यांचा एक फोटो काढून घेतला, मग डोक्याचा नकाशा काढला. वहीत एक मोठं वर्तुळ आणि त्यात तीन छोटी वर्तुळं, अ, ब आणि क. दर रविवारी सकाळी मला स्टुलावर बसवून ते व्हर्नियरनं प्रत्येक चट्टा मोजायचे आणि तारीख घालून लिहायचे. 'अ – सव्वीस मिलिमीटर. ब – एकोणीस.' मग मोडक्या ट्रान्झिस्टरमधले, कपाटाच्या दारांचे छोटे चुंबक गोळा करून, स्पीकरच्या खोक्याला लावायच्या मखमलीतून त्यांनी आईच्या मशीनवर स्वतः हा पट्टा शिवला.

त्याआधीचे आप्पांचे शोध सांगितले तर तुम्हीही हसाल. पंख्याच्या मोटारीवर त्यांनी नारळ खवायचं यंत्र केलं होतं. पहिल्याच नारळाचं खोबरं छताला जाऊन चिकटलं. दूध उतू जाण्याआधी वाजणारा भोंगा केला होता. तो वाजल्यावर अख्खी गल्ली आमच्या स्वयंपाकघरात जमली आणि त्या गर्दीत दूध उतू गेलं. गावात त्यांना शास्त्रज्ञ म्हणायचे. "काय शास्त्रज्ञ, आज काय नवीन?" असं कुणी विचारलं की आप्पाही हसायचे, पण ते हसू लगेच आवरतं घ्यायचे. मी लेक असल्यामुळे मला ते दिसायचं.

पट्टा मी अठरा दिवस इमानेइतबारे घातला. डोकं जड व्हायचं, मान दुखायची, पण त्याचंही काही नव्हतं. क्लासमध्ये मी एका मुलीच्या मशीनवर वाकून चूक दाखवत होते आणि मशीनवरच्या कागदाजवळ पडलेली टाचणी उडून माझ्या कपाळावरच्या पट्ट्याला येऊन चिकटली. अख्खा क्लास फिदीफिदी हसला. एकोणिसाव्या दिवशी मी पट्ट्याची शिवण उसवली, बाराही चुंबक काढून पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकले आणि प्रत्येक कप्प्यात दोन-दोन चिंचोके घालून पट्टा परत शिवला. आप्पांना वाईट वाटायला नको म्हणून घालायचा तेवढा घालायचा. महिनाभरात ते स्वतःच कंटाळतील, असा माझा हिशेब होता.

आप्पा कंटाळले नाहीत. आणि जानेवारीत केस यायला लागले.

आधी पांढरी लव आली, मग ती काळी झाली. एका रविवारी व्हर्नियर हातात धरून आप्पा माझ्यामागे नुसतेच उभे राहिले. मोजायला काही उरलंच नव्हतं. मी वळून बघितलं तर त्यांचे डोळे भरलेले. माझ्या वडिलांना मी तोवर कधी रडताना बघितलं नव्हतं. 'आप्पा, आत चिंचोके आहेत,' एवढं सांगायची वेळ तीच होती, मला कळतही होतं. पण जीभ रेटेना.

मग जे व्हायचं ते झालं. गावात बातमी पसरली. लोक दुकानात यायला लागले, टोपी काढून डोकं पुढे करायला लागले. आप्पा प्रत्येकाचं माप घेत, वहीत पान काढत, पट्टा शिवून देत. मे महिन्यापर्यंत एकतीस पट्टे झाले. कुणी आता शास्त्रज्ञ म्हणेना. सगळे धनपालअण्णा म्हणायला लागले. सांगलीच्या वर्तमानपत्रात चार ओळी आल्या आणि त्या वाचून खानोलकर पुण्याहून आले. त्यांनी नमुन्याचा एक खोका छापून आणला होता. वर मोठ्या अक्षरांत 'मगदूम केशरक्षक पट्टा', आणि खाली माझ्या डोक्याच्या दोन फोटोंसाठी दोन मोकळे चौकोन. आप्पांनी तो खोका सकाळपासून हातातून खाली ठेवला नव्हता.

तर असं होतं. आयुष्यात पहिल्यांदा आप्पांची एक गोष्ट चालली होती. ती माझ्या डोक्यावर होती, आणि आत चिंचोके होते. तो फोटो एकदा खोक्यावर गेला की मी जन्मभर तोंड मिटून ठेवायचं, असं मी ठरवलं होतं. वडिलांसाठी एवढं करायला माझी तयारी होती.

"आता एखाद्या गिऱ्हाइकाला भेटता येईल का? तुमची मुलगी सोडून कुणी?" खानोलकर म्हणाले.

"हेरवाडेबाईंना बोलावलंय की. येतीलच."

हेरवाडेबाई मला शाळेत शिकवायला होत्या. भूगोल आणि मराठी. पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावरची कुजबुज आपोआप थांबायची. त्या आल्या तेव्हा मी आधी ओळखलंच नाही. बाहेर रणरणतं ऊन होतं आणि बाईंच्या अंगावर शाल होती. चेहरा सुजल्यासारखा, चाल संथ. डोक्यावर आप्पांचा पट्टा, त्यावरून पदर.

"बसा बाई. कसं वाटतंय ते ह्या साहेबांना सांगा," आप्पा म्हणाले.

"चांगलं वाटतंय." बाईंचा आवाज जड झाला होता, जणू झोपेतून बोलत होत्या. "केस गळायचे थांबलेत असं वाटतं. येतील आता हळूहळू."

"बरोबरीनं आणखी कुठलं औषध?" खानोलकरांनी वही उघडली.

"थायरॉईडची गोळी होती सात वर्षं. ती बंद केली, दोन महिने झाले." बाई आप्पांकडे बघून कौतुकानं हसल्या. "धनपालअण्णांनीच सांगितलं. रक्त खेळायला लागलं की गोळी कशाला लागतीय, म्हणाले. थंडी तेवढी वाजते जरा. आणि झोप फार येते. वय झालं, दुसरं काय."

"वा!" खानोलकर लिहायला लागले. "सात वर्षांची गोळी सुटली. हे फारच छान आहे."

आप्पा संकोचून हसले. खानोलकर पुढचा प्रश्न विचारायला वर बघतात तोवर बाईंचे डोळे मिटले होते. बसल्याबसल्या त्यांना डुलकी लागली होती.

मी दहावीत असताना बाई फळ्यासमोर कोसळल्या होत्या. तेव्हाही त्यांचा चेहरा असाच सुजला होता, आवाज असाच जड झाला होता. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मीच त्यांना पाणी पाजलं होतं. त्यानंतर त्यांची ती गोळी सुरू झाली आणि दोन महिन्यांत बाई पुन्हा आमच्यावर ओरडायला लागल्या. हे सगळं मला त्या स्टुलावर बसल्याबसल्या आठवलं.

"आप्पा," मी म्हणाले, "माझ्या पट्ट्यात चुंबक न्हाईत."

"काय म्हंतीस?" आप्पा हसतच होते.

"चुंबक न्हाईत. मी काढले."

त्यांनी टेबलावरचा बारीक स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि माझ्या कपाळाजवळ आणला. तो चिकटला नाही. पुढच्या कप्प्याजवळ नेला. असे बाराही कप्पे ते माझ्याभोवती फिरून बघत गेले. मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर सदऱ्याला पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून बाराही बघितले. मग पट्टा हळूच माझ्या डोक्यावरून उतरवला, एका कप्प्याची शिवण उसवली आणि दोन चिंचोके तळहातावर घेतले.

"कधी?"

"ऑक्टोबरात. अठरा दिवस घातला होता. मग काढले."

"म्हंजे केस आले तवा..."

"तवा चिंचोकेच होते, आप्पा."

फोटोग्राफर उगाच कॅमेऱ्याचं भिंग पुसायला लागला. आप्पांनी मला एक थोबाडीत मारावी असं मला मनापासून वाटत होतं. त्यांनी मारली नाही. ते नुसते त्या चिंचोक्यांकडे बघत राहिले आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

पहिल्यांदा बोलले ते खानोलकर. "मगदूमसाहेब, एवढं मनाला लावून घेऊ नका. आधीचा फोटो खरा आहे ना? नंतरचाही खरा आहे. पट्टा डोक्यावर होता हेही खरं. आत काय होतं हे कोण विचारणार आहे? आणि बाकीच्या एकतीस जणांच्या पट्ट्यात तर चुंबक आहेतच की."

आप्पांनी वही उघडली. एक-एक पान बघत ते शेवटपर्यंत गेले. खानोलकर थांबून राहिले. पाचेक मिनिटांनी आप्पांनी वही मिटली.

"एकतीसात नऊ जणांचे आलेत," ते म्हणाले. "बावीस जणांचे न्हाईत आले. सगळं मीच लिवलंय. पण ते नऊच तेवढे मी सगळ्यांना सांगत फिरलो. बावीस माझ्याच अक्षरात हायत आणि मीच वाचले न्हाईत."

"अहो, पण नऊ म्हणजेसुद्धा..."

"साहेब, ऐका. स्पीकर बिघडला की मी काय करतो? एक पार्ट काढतो आणि बघतो, फरक पडतोय का. फरक पडला न्हाई तर त्यो पार्ट दोषी न्हाई. तीस वर्षं हेच करतोय मी. आणि हितं चुंबक काढून बघायचं मला सुचलं न्हाई." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिनं काढून बघितला. फरक पडला न्हाई. टेस्ट झाली."

ते रागानं बोलत नव्हते. दुसऱ्याच्या दुकानातून दुरुस्त होऊन आलेला स्पीकर उघडून बघताना ते असे बोलायचे, काम चांगलं झालं असलं की. माझ्या फसवणुकीला त्यांनी टेस्ट म्हटलं. तेवीस वर्षं मी ह्या माणसाच्या घरात राहत होते आणि गावासारखंच मीही त्याला हसत होते.

"विचार करा," खानोलकर उठता उठता म्हणाले. "खोक्यावर नाव तुमचं असणार आहे."

"नाव माझं हाय म्हणून तर," आप्पा म्हणाले. सकाळपासून हातात धरलेला तो खोका त्यांनी खानोलकरांच्या हातात दिला आणि दारापर्यंत त्यांना पोचवून आले.

मग ते बाईंच्या खुर्चीसमोर खाली फरशीवर बसले. "बाई. बाई, उठा जरा. माझं चुकलं. मी डॉक्टर न्हाई. गोळीचं मी बोलायला नको होतं. ती आजपासून परत चालू करायची, आत्तापासून. आमची राजू तुमच्याबरोबर दवाखान्यात येतीय."

बाईंना कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यांचा जुना आवाज एकदम परत आला. "सात वर्षांची गोळी सोडायला लावलीत मला, मगदूम, आणि आता म्हणता चुकलं?"

"व्हय, बाई."

"तुमच्यावर विश्वास टाकला मी!"

"व्हय."

दोन महिने जे अण्णा होते ते पुन्हा मगदूम झाले. आप्पा शिक्षा झालेल्या मुलासारखे खाली मान घालून ऐकत राहिले. स्वतःची बाजू म्हणून एक शब्द काढला नाही. बाईंना मी रिक्षातून त्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर जे बोलायचं ते बोलले. बाईंना बोलले आणि मगदुमांची मुलगी म्हणून मलाही बोलले. वेळेत आणलंत, असं शेवटी म्हणाले. हेरवाडेबाई आज ऐंशीच्या पुढे आहेत आणि अजून घड्याळ लावून ती गोळी घेतात.

मी परतले तेव्हा चार वाजून गेले होते. दारात आमची जाहिरातीची रिक्षा उभी होती आणि आप्पा तिच्या टपावर भोंगे बांधत होते. शेजारी हातात एक कागद घेऊन शौकत मुल्ला उभे होते. गावात काहीही कळवायचं असलं, नळाचं पाणी असो की नेत्रशिबिर असो, रिक्षा आमची आणि आवाज शौकतचाचांचा.

"अण्णा, मी हे वाचणार न्हाई," शौकतचाचा म्हणत होते. "वीस वर्षं तुमच्यासंगट फिरतोय. तुमचीच अब्रू मी चौकात मांडू व्हय? गाव परत शास्त्रज्ञ म्हणून हसंल."

"हसू दे."

"आप्पा," मी म्हणाले, "एकतीसच तर घरं आहेत. आपण दोघं घरोघरी जाऊन सांगू की. उद्या संध्याकाळपर्यंत होईल."

"एकतीस मी दिलेत. त्यांचं बघून किती जणांनी घरात शिवले, ते कुणाला म्हाईत हाय? परवा एकजण सांगत होता, मेव्हण्याला करून दिला म्हणून. आणि औषध सोडलेल्या बाई एकट्याच असतील कशावरनं?" त्यांनी भोंग्याची तार ताणून बघितली. "म्या सगळ्यांदेखत सांगत होतो न्हवं? मग हेबी सगळ्यांदेखतच सांगाय पाहिजे."

आई इतका वेळ उंबऱ्यात उभी होती. ती आत गेली आणि धुतलेली पांढरी टोपी घेऊन आली. "उघड्या डोक्यानं जाऊ नका," एवढंच म्हणाली. आप्पांनी टोपी घातली आणि शौकतचाचांच्या हातातला कागद घेतला. शौकतचाचांनी मान हलवली आणि मुकाट्यानं रिक्षा चालवायला बसले. मी आप्पांच्या शेजारी मागे बसले.

आयुष्यभर ज्यानं गावाला आवाज पुरवला तो माणूस स्वतः माइकवर 'हॅलो, एक, दोन, तीन' याच्यापुढे कधी गेला नव्हता. पहिल्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. त्यांनी घसा साफ केला आणि तो आवाज चारी भोंग्यांतून सगळीकडे गेला.

"नमस्कार. मी धनपाल मगदूम, साऊंडवाला. केसांसाठी मी चुंबकाचे पट्टे करून दिले होते. त्यानं केस येत न्हाईत. तपासण्यात माझी चूक झाली. पट्ट्याच्या भरवशावर कुणी औषध, गोळी बंद केली असंल तर आजच परत चालू करा आणि डॉक्टरला दाखवा. मी सांगितलं होतं ते चुकीचं होतं."

दारं उघडली. ओट्यांवर बायका आल्या. दुसऱ्या गल्लीत हसायला सुरुवात झाली. तिसऱ्या गल्लीत पानपट्टीवरून कुणीतरी ओरडलं, "शास्त्रज्ञ, फ्यूज उडाला काय?" आणि एकच हशा पिकला. माझे कान गरम झाले. आप्पांनी शौकतचाचांच्या खांद्याला हात लावून रिक्षा थांबवली, हसणं पूर्ण थांबेपर्यंत वाट बघितली आणि तेच पहिल्यापासून पुन्हा वाचलं. हसण्यात कुणाचं ऐकायचं राहिलं असेल म्हणून. जयसिंगपुरात गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. प्रत्येक नंबरला आम्ही थांबलो आणि प्रत्येक नंबरला कुणी ना कुणी हसलं. आप्पांनी एकही ओळ गाळली नाही की घाईनं उरकली नाही. माणूस चुकतो म्हणजे काय आणि मोठा असतो म्हणजे काय, हे दोन्ही मी त्या रिक्षात एकाच वेळी बघत होते.

नवव्या गल्लीत पोतदार सराफ रस्त्यात आडवे आले. साठीचे, दांडगे गृहस्थ. डोक्यावर आप्पांचाच पट्टा.

"अहो मगदूम, हे काय चालवलंय? पट्ट्यानं केस येत नाहीत म्हणता, मग तुमच्या मुलीचे कसे आले? ते बघूनच तर आम्ही सगळ्यांनी घातला!"

बघता बघता माणसं गोळा झाली. सगळ्यांचे डोळे माझ्या डोक्याकडे.

"तिचे आपोआप आले," आप्पा माइकवर म्हणाले.

"आपोआप कसे? पट्टा होता की डोक्यावर! अख्ख्या गावानं बघितलाय."

आप्पांनी हातातल्या कागदाकडे बघितलं. 'पोरीनं चुंबक काढून टाकले होते, मला फसवत होती,' एवढं एक वाक्य बोलले असते तर सगळं मिटलं असतं. माइक हातात होता, गल्ली कान टवकारून उभी होती. पण ज्या माणसानं स्वतःची चूक आठ गल्ल्यांत वाचून दाखवली होती, त्याच्या तोंडून लेकीची चूक निघेना.

"माझीच चूक झाली," ते पुन्हा म्हणाले. "बघण्यात चूक झाली."

"काहीतरीच," पोतदार म्हणाले. कपाळावरचा पट्टा त्यांनी दोन्ही हातांनी नीट बसवला. "कंपनीशी बोलणं फिसकटलं असेल, म्हणून हे नाटक. माझी रक्तदाबाची गोळी सुटलीय ह्याच्यावर. मी काही काढत नाही." मागच्या दोघा-चौघांनी माना हलवल्या.

मी आप्पांकडे बघितलं. ते हातातल्या कागदाकडे बघत होते. त्या कागदावर पोतदारांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. ते माझ्याजवळ होतं.

मी त्यांच्या हातातून माइक घेतला.

"मी राजमती मगदूम," मी म्हणाले, आणि चारी भोंगे एकदम कोकलले. पोतदारांनी कानांवर हात ठेवले. एक म्हैस दावं तोडून पळाली. मी हबकून थांबले. आता आप्पा माइक काढून घेतील, मला बोलू देणार नाहीत, असं मला वाटलं.

आप्पांनी माझं मनगट धरलं आणि माइक माझ्या तोंडापासून जरा मागे सारला.

"चार बोटं लांब धर," ते हळूच म्हणाले. "आणि सावकाश बोल. शेवटच्या घरापतूर गेलं पाहिजे."

मी माइक चार बोटं लांब धरला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.